सातव्या दगडाची हळद

सेतूअण्णा म्हातारपणाने गेले असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्यांना मारलंय. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलाय, लिहू देत. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मी मिक्सरवर चटणी वाटत होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा, वसंताचा फोन आला. “अप्पा पोयिट्टार, आंटी,” एवढंच म्हणाली. अप्पा गेले... मिक्सर तसाच घरघरत राहिला, तो बंद करायचंही सुचलं नाही.

अण्णा चेन्नईतच वाढलेले, पण घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. सगळा जन्म भूमापन खात्यात गेला. मी साताऱ्याची, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. अड्यार नदीकाठच्या आमच्या कॉलनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मोठ्या पुरात माझ्या घरात पंख्यापर्यंत पाणी चढलं आणि पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. गच्चीवर भिजत बसून मी नदीला लाखोली वाहत होते, तर अण्णा उसळलेच. त्यांच्या त्या जुन्या तंजावरी बोलीत म्हणाले, “तिला काय म्हणून शिव्या देतेस? तिच्या अंथरुणावर आपण निजलों, मग ती कुठे जाईल?”

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी अण्णा नदीची हद्द मोजायला निघत. सरकारने रोवलेले, आकडे कोरलेले दगड आमच्या काठाला अकरा. जुन्या पुलापासून सुरुवात करायची. कापडी टेपचं टोक मी धरायची आणि दुसरं घेऊन अण्णा काटेरी झुडपांतून पुढच्या दगडापर्यंत जायचे. काठाला लागूनच एका बिल्डरची मोठी इमारत उठत होती. तिथल्या लॉऱ्या रोज राडारोडा आणून काठावर ओतत, मधूनच एखादा दगड गाडला जाई. अण्णा लॉरीपुढे आडवे होत. एका ड्रायव्हरने त्यांच्या अशी कानफटात वाजवली की चष्म्याची एक काच फुटली. पुढचा महिनाभर ते एका काचेने मोजत राहिले. सगळ्यात जीव त्यांचा सातव्या दगडात. तो नदीच्या वळणावर होता. तो नदीत सरकला तर वळण बिल्डरच्या कुंपणभिंतीखाली जाणार आणि पुढच्या पुराचं पाणी सरळ आमच्या गल्ल्यांत येणार.

मला राहवेना. आमच्याकडे दगडाला शेंदूर फासला की त्याला कुणी पाय लावत नाही. इथे हळदीला तोच मान. अण्णांना न विचारता मी एका दुपारी सातव्या दगडाला हळद फासली, कुंकू लावलं, कडुनिंबाचा डहाळा बांधला. अण्णांना वाटलं, कुणा भाविकाचं काम असेल. आणि काय सांगू, लॉऱ्या वळसा घालून जायला लागल्या! मी आपली स्वतःवरच खूश. पण बिल्डर माझ्यापेक्षा दहा पावलं पुढे. त्याच्या माणसांनी वाजतगाजत पूजा घातली, दगड उचलला आणि सत्तर पावलं नदीच्या आत नेऊन बसवला. वर पत्र्याची शेड, घंटा, पिवळं वस्त्र. देवाला मोकळी जागा हवी, म्हणे. देवामागे भराव पडला, भरावावर भिंतीचे खांब उभे राहिले. कॉलनीतल्या बायका तिथे नैवेद्याचा पोंगल शिजवायला जाऊ लागल्या. त्यांची भक्ती खरी होती, खोटी फक्त माझी हळद होती.

पूजेपासून काही आठवडे बिल्डरच्या माणसांनी आम्हाला वळणाकडे फिरकू दिलं नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी माप चुकलं तसे अण्णा तिरीमिरीत शेडमध्ये शिरले, चपलांसकट. खाली कोरलेला आकडा पाहायला त्यांनी दगडाचं वस्त्र सोडलं. झालं... देवाला नागडं केलं असा गलका उठला. पहिली चपराक मारली ती कॉलनीतल्याच सेल्वीने, जिच्या मुलाला अण्णांनी दोन वर्षं फुकट गणित शिकवलं होतं. मग बिल्डरची दोन माणसं सेंटरिंगचे बांबू घेऊन धावली. डोक्यात बसलेला घाव मला नारळ फुटल्यासारखा ऐकू आला. दुसरा मनगटावर, टेप धरलेल्या हातावर. खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा. दगडाच्या हळदीवरून रक्त ओघळत होतं आणि मी दहा पावलांवर टेपचं टोक धरून उभी होते. ही हळद माझ्या घरची आहे, एवढं ओरडले असते तर कदाचित हात थांबले असते. मी भ्याले, दुसरं काही नाही.

चार महिने अण्णा अंथरुणाला खिळून होते, डावी बाजू गेलेली. तिसऱ्या महिन्यात मी त्यांना हळदीचं सगळं सांगून टाकलं. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते वाकड्या झालेल्या तोंडाने एकेक शब्द काढत म्हणाले, “दगडाला देव केलीस तूं. आतां देवाला परत दगड कोण करील?”

वसंताने त्यांची टेप मला दिली. चार फुटांच्या खुणेजवळ तिच्यावर तपकिरी डाग आहे, तो मी धुतलेला नाही. गेल्या शुक्रवारी भरपूजेत बादली आणि काथ्या घेऊन मी शेडमध्ये गेले. हळद माझी, मी फसवलं तुम्हाला, असं माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं आणि दगड घासायला बसले. कुणीतरी केस ओढले, करवंटी येऊन भुवईवर बसली, डोळ्यात रक्त उतरलं. मी घासत राहिले. शेवटी खालचा सात दिसायला लागला. सेल्वीने हात उगारला होता. आकडा पाहून तो तसाच राहिला. अण्णांच्या मारहाणीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे मी दुसऱ्याच दिवशी लेखी जबाब दिला.

दगड अजून आतच आहे, खांबही उभे आहेत. भुवईवर पाच टाके आहेत. टेप माझ्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. काल मंगळवार होता. दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून त्यावर वीट ठेवली आणि मोजत पुढे गेले.