यादीवाले साहेब

सिलिंडरवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, चष्म्यावरून आपल्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "आधी यादी, मग पाणी." आमच्या स्कूबा क्लबच्या अध्यक्षांचा हा मंत्र. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेलच. लग्नात पंगत बसली तरी पत्रावळ्या मोजत उभा राहणारा.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ते बॉयलर विभागाचे साहेब आणि मी त्यांच्याच पाळीतला साधा तंत्रज्ञ. कामावर यादी, घरी यादी, आणि रविवारी सिंदेवाहीकडच्या जुन्या गिट्टी खदानीत डुबकीच्या सरावाला गेलो तरी यादी. मास्क, वजनाचा पट्टा, हवा, जोडीदार, असे सतरा मुद्दे. गावच्या म्हशी आमच्यासमोर पाण्यात उतरून, डुंबून बाहेर यायच्या, तोवर आम्ही नवव्या मुद्द्यावर असायचो.

मला त्यांचा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. एकदा माझं घड्याळ पाण्यात पडलं म्हणून मी एकटाच खाली गेलो. क्लबचा नियम असा, की एकटा उतरला तो वर्षभर बाहेर. घड्याळ मिळालं, मी धडधाकट वर आलो, तरी या गृहस्थांनी माझं नाव खोडलं. "नियम काही तुमच्याचसाठी नाई बनवला," असं म्हणून वर चहा पाजला. पुढचं वर्षभर मी कॉलनीतल्या कट्ट्यावर त्यांच्या नकला करत होतो. लोक पोट धरून हसायचे.

मी क्लबात परतलो त्या पहिल्याच दिवसाची ही गोष्ट. जुलै होता आणि पावसानं दडी मारली होती. खदानीच्या काठी एक बाई नवा दोर घेऊन बसली होती. आमची सिलिंडरं दिसताच ती उठली.

"मोटर काढाले आले ना जी तुमी?"

शेताला पाणी देणारी तिची मोटर दोर तुटून खदानीच्या तळाशी गेली होती. रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं करपत होती. "परहे वाळून राह्यले जी. चार दिसात पाणी नाई भेटलं तं रोवणा गेला माहा."

"बाई, आम्ही इथी शिकाले आलो," साहेब म्हणाले. "मोटर काढणं आमच्या यादीत नाई."

ऐकलंत? यादीत नाही! बाई मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. घरी मात्र गेली नाही. तिच्यासमोर आम्ही दहा पाणबुडे एकमेकांचे फोटो काढत होतो.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. शेवटची जोडी उरली, ते आणि मी. बाकीच्यांची सिलिंडरं रिकामी, आणि ते सगळे गाड्यांपाशी डबे उघडून बसलेले. साहेब माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आपल्या पाळीत त्या मोटरले दोर बांधून येऊ. चलता का?"

वर्षभर मी अशाच संधीची वाट पाहत होतो. सिलिंडरवर दोनदा टकटक करून मी विचारलं, "यादीत आहे का, साहेब?"

त्यांनी खरंच वही उघडली. एक पान उलटलं. "नाई," म्हणाले आणि वही मिटली. मला समजावलं नाही की हुकूम सोडला नाही. पाण्यात करंट उतरू नये म्हणून बाईला त्यांनी मोटरच्या खांबावरचा फ्यूज काढून आणायला लावला आणि तो माझ्या हातात दिला. "मी वर येतपर्यंत सोडू नका." मग दोराचं टोक घेऊन ते एकटेच उतरले.

मी काठावर फ्यूज धरून उभा. बुडबुडे दिसत होते, मग कपारीआड दिसेनासे झाले. खरं सांगतो, मला भीती वाटली. पण त्यांच्या जिवाची कमी, लोक मला काय म्हणतील याची जास्त.

ते वर आले तेव्हा तळहात कापलेला होता. गावातल्या चौघांनी दोर ओढला आणि चिखलानं माखलेली मोटर काठावर आली. बाई तिला लेकरासारखी पुसत बसली. साहेबांनी माझ्या हातून फ्यूज घेऊन तिला दिला. "आधी वायरमनले दाखवा. मगच लावा."

पुढच्या रविवारी बैठकीत त्यांनी स्वतःविरुद्ध लिहिलेलं पत्र वाचलं. "जोडीदार न घेता पाण्यात उतरलो. नियमाप्रमाणे माझं नाव खोडावं." जोडीदाराला विचारलं होतं आणि त्यानं टिंगल केली, हे पत्रात कुठेच नव्हतं. वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डिसेंबरात ते निवृत्त होऊन जाणार होते, म्हणजे वर्षभर बाहेर याचा अर्थ कायमचे बाहेर. मी एक वाक्य बोललो असतो तरी क्लबनं ते पत्र फाडून टाकलं असतं.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले. पहिला हात माझा होता.

धान निघाल्यावर ती बाई खदानीवर नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. "ते भाऊ नाई आले? त्यायले द्या जी." देतो म्हणून मी ती घेतली. त्यांचं क्वार्टर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. उद्या जाऊ, उद्या जाऊ करता करता गेलो, तर दाराला कुलूप. सामान भरून ते लेकीकडे नागपूरला गेले होते. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी लावला नाही.

"कोनाचे तांदूळ हायेत हे?" बायकोनं विचारलं.

"क्लबले भेटले," मी म्हणालो.

तिनं त्याच दिवशी भात केला. छान मोकळा झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.