पासष्ट इंचांचा काळोख

आमच्या गावात रस्त्याने जाणाऱ्याला "खंय?" असं विचारतात. ही चौकशी नव्हे, नमस्कारच. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आणि जाणारा "हयच" म्हणून पुढे सटकतो. खंय म्हणजे कुठे, हयच म्हणजे इथेच. माणूस मालवणला चाललेला असो की मस्कतला, उत्तर तेच.

आमचे बाबा मात्र "हयच"वर कुणाला सोडत नसत. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी आली नि कधी सुटली यावर चौतीस वर्षं नजर ठेवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, म्हणून त्यांनी माणसं धरली. ओटीवर खुर्ची, समोर अंगण, अंगणापुढे मालवण–आचरा रस्ता.

"खंय?"

"हयच, काका."

"हयच म्हणजे खंय? पिशयेत काय आसा?"

पिशवीतलं कळेपर्यंत माणूस सुटायचा नाही. मासे विकणारी तर आपणहून टोपली उतरवून उभी राहायची. उगाच वेळ कशाला घालवा!

गेल्या वर्षी बाबा अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाड म्हातारं आहे, घाई नको, तीन महिने अंथरुणातच, असं डॉक्टरांनी बजावलं. न्हाणीघर जवळ म्हणून खाट माजघरात लावली. माजघराचं दार, ओटी, अंगण आणि रस्ता हे सगळं आमच्याकडे एका रेषेत आहे. म्हणजे दाराकडे तोंड करून खाट लावली की काम झालं. तशी मी लावलीही. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी. बाबांका रस्तो दिसतलो."

"दाराकडे पाय कोणाचे करतत, म्हायत आसा मा तुका?"

माहीत होतं. घरातून शेवटचा निघतो त्याचे. पण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. अंधश्रद्धेवर भाषणं केलेली, एका भाषणाला शालही मिळालेली. मी छाती काढून म्हटलं, "तसा काय नसता गो आये."

"मगे तुझ्या खाटीचे कर."

मी खाट फिरवली.

तेव्हापासून बाबांचं डोकं दाराकडे आणि तोंड आतल्या भिंतीकडे. रस्ता पाठीमागे. पहिले चार दिवस त्यांनी मान वळवून पाहिली, मग नाद सोडला. दोन आठवड्यांत बोलणं थांबलं. पेज दोन चमच्यांवर आली. मासेवाली दारातून "काका, सुंगटा आसत ताजी" म्हणून हाक मारून गेली, तरी टोपलीत काय म्हणून त्यांनी विचारलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्या कॅलेंडरचं पान बदलायचं मी विसरलो होतो, तेही त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळतंय. पण माणूस कशात तरी रमला पाहिजे. नुसतं हाड जुळून काय करायचंय?"

मी रमण्याचा शास्त्रीय उपाय काढला. भिंतीवर भलामोठा टीव्ही लावायचा. जग दाराने येत नसेल तर भिंतीने येईल!

मागचा टीव्ही घेतला तेव्हा दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता, किती इंची. आता टीव्ही घेणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यासारखं झालंय. मी मोबाईलवर व्हिडिओ बघू लागलो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो नि स्वतःच विझतो. क्यूएलईडीत मागून उजेड सोडतात आणि पुढे रंग झळाळतात. मिनी एलईडीत मागे हजारो बारीक दिवे असतात. एका तज्ज्ञाचं ऐकून मी सोमवारी निर्णय घ्यायचा, आणि मंगळवारी तोच तज्ज्ञ सांगायचा, "थांबा! नवीन पॅनल येतंय." मी वही केली. वहीत रकाने पाडले. दोन महिने गेले. बाबांची पेज दीड चमच्यावर आली आणि माझी वही भरली.

एकदा बायकोने वही उघडली. "ह्या काय, हजार निट?"

"पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात."

"हजार नीट आसत, आणि त्यातला तुमका एकय नीट समाजला नाय?"

तिला उत्तर देण्यापेक्षा मी माजघरातला उजेड मोजायला उठलो. कारण सगळ्या तज्ज्ञांचं एका गोष्टीवर एकमत होतं. उजेडाच्या खोलीत ओएलईडी घेऊ नका, पडदा आरशासारखा चमकतो. अंधारी खोली असेल तर मात्र त्याला तोड नाही. मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप मिळतं. भर दुपारी, दार सताड उघडं असताना मी मोजला. आकडा आला चार. मला जरा नवल वाटलं, पण विज्ञानाचा माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो. माझा अंगठा मोबाईलच्या सेन्सरवर होता, हा शोध पुढे लागायचा होता.

कणकवलीच्या दुकानात विक्रेत्याने शुद्ध मराठीत स्वागत केलं. "सर, रूममध्ये उजेड कितपत असतो?"

मी अभिमानाने आकडा दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि त्याची शुद्ध मराठी गळून पडली. "सर, हय तर मांजराकय दिसाचा नाय! तुमी रवतास खंय?"

"घरात."

"मग डोळे झाकून ओएलईडी घ्या." त्याने दुकानातले दिवे घालवून पडदा सुरू केला. "बघा, परफेक्ट ब्लॅक. असा काळा रंग दुसऱ्या कशातच नाही. काळा म्हणजे काळाच!"

पासष्ट इंचांवर नुसता काळोख होता. मी भारावून बघत राहिलो. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "काळोख बघूक कणकवलेक कित्याक येवक व्हया? आमच्याकडे लायट रोज जाता."

टीव्ही आला. बाबांच्या पायासमोरच्या भिंतीवर चढला. अकरा वाजता मी जंगलाचा कार्यक्रम लावला आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. बाबा पडद्याकडे बघत होते, पण वाघाकडे बघितल्यासारखे नव्हे. मीही मान वळवली. वाघाच्या पोटात आमची तुळस होती. त्याच्या शेपटीवर दोरी होती आणि दोरीवर माझा बनियन वाळत होता.

आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे मी तीस वर्षं आठवीला शिकवलं. फळ्यावर आरसा काढून शिकवलं. ज्याला आलं नाही त्याला उभं केलं. आता माझ्या वर्गातली सगळी उभी केलेली पोरं मनातल्या मनात माझ्याकडे बघून हसत होती. मी मोबाईल काढला, अंगठा बाजूला घेऊन पुन्हा उजेड मोजला आणि मोबाईल मुकाट्याने खिशात टाकला.

"आता दार लावा," बायको म्हणाली.

मी पुढचं दार लावलं. काय चित्र दिसलं म्हणून सांगू! वाघाच्या मिशा मोजता येत होत्या. पण आमच्या गावात दिवसाढवळ्या पुढचं दार कोणी लावत नाही. एक तर माणसं मुंबईला गेली म्हणून लावतात, नाहीतर दुसऱ्या कारणासाठी लावतात. आणि आमच्या घरात एक म्हातारा माणूस तीन महिने अंथरुणात होता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वाघाच्या मिशा मोजून व्हायच्या आत दार वाजलं.

बाहेर शेजारचे काका. खांद्यावर टॉवेल, डोळे ओले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कधी झाला?"

मला वाटलं टीव्हीचं विचारतायत. "आजच. अकरा वाजता."

"लय त्रास झालो?"

"माका? इचारू नकात. दोन म्हयने डोक्याचो भुगो."

"आणि आता खंय?"

"भिंतीर लावलो."

काका दोन पावलं मागे सरले. "फोटो? इतक्यात?"

त्यांच्या मागून वाडीतली सहा-सात माणसं अंगणात शिरली होती. एकाने मुंबईला फोनही लावला होता. एवढ्यात माजघरातून आवाज आला. खरखरीत, पण स्वच्छ.

"कोण गेलो रे?"

काकांनी ओटीवरून वाकून आत पाहिलं आणि गोंधळून खरं ते सांगून टाकलं. "तुमीच, दादा. असा कळला."

"माका कोणी सांगूक नाय," बाबा म्हणाले.

सगळे हसले, चहा झाला, मुंबईला दुसरा फोन गेला. पण मी आत जाऊन पाहिलं तर बाबा हसत नव्हते. पुन्हा भिंतीकडे बघत पडले होते. माझे दोन महिने, माझी वही, माझा वाघ, सगळं फुकट गेलं होतं.

आईने निकाल दिला. "जिवंत माणसाच्या घराचा दार परत लावलंस तर बघ." दार उघडं, म्हणून दिवसा टीव्ही बंद. मी दुकानात फोन करून कबुली दिली. विक्रेता भला माणूस. म्हणाला, चार दिवसांत टेम्पो पाठवतो, न चमकणाऱ्या पडद्याचा टीव्ही बदलून देतो. "अंगठो मात्र ह्या खेपेक तुमच्याकडेच ठेवा," असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आज पेज संपली." मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज परत मागल्यानी." मला वाटलं, हाड जुळलं की भूक लागत असेल. माझ्या विज्ञानाला कारण लगेच सापडतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात पानं गोळा करत होतो. मासेवाली रस्त्याने सरळ निघाली होती. आमच्या दारात हल्ली ती वळत नसे. एवढ्यात घरातून हाक आली.

"खंय गो?"

ती थांबली. मी थांबलो. माझ्या हातातली पानं खाली पडली.

"हयच, काका," ती म्हणाली. सवयीने.

"हयच म्हणजे खंय? टोपलेत काय आसा? टोपली झाकलंस ती कित्याक? पापलेट आसत?"

तिने टोपली कमरेवर घट्ट धरली आणि उघड्या दारातून आत डोकावली. आत तिला काय दिसलं असेल? खाट, आणि बाबांच्या डोक्याची मागची बाजू. "अगे बाय माझे!" ती माझ्याकडे वळली. "काकांका पाटीक डोळे फुटले काय?"

मी धावत आत गेलो. बाबा दोन उशांना टेकून बसले होते. समोर बंद टीव्ही. आणि त्या पासष्ट इंचांच्या काळ्याकुट्ट पडद्यात, बाबांच्या पांढऱ्या डोक्यावरून, माजघराचं दार, ओटी, अंगण, तुळस, रस्ता आणि रस्त्यावर टोपली घेतलेली बाई अशी स्वच्छ दिसत होती की तिच्या नथीचा ठिपकाही चमकला. विक्रेता खोटं बोलला नव्हता. असा काळा रंग दुसऱ्या कशातच नाही.

"बाजूक हो," बाबा म्हणाले. "टेम्पो इलो. आमच्याकडेच वळता."

खरंच वळत होता. दुकानाचा माणूस नवा खोका घेऊन ओटीवर चढला आणि त्याला सलामी मिळाली. "खंय?"

"टीव्ही बदलूक इलंय, काका."

"बदलूचो नाय."

"अहो, ह्यो नवो बरो आसा. ह्येच्यात भायरचा काय दिसणाच नाय!"

"मगे तो घेवन जा," बाबा म्हणाले.

तो घेऊन गेला. टेम्पो वळून रस्त्याला लागेपर्यंत बाबांची नजर त्याच्यावर होती. मग मान हलवून म्हणाले, "ड्रायव्हर चुकलो. मालवणाकडे जावचो सोडून आचऱ्याक गेलो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला असलेलं मालवण आता पडद्यात उजवीकडे गेलं होतं. मी घसा साफ करून आरशात बाजूंची अदलाबदल कशी होते ते समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. "चौतीस वर्षां गाडये सोडलंय मी," ते म्हणाले. "तू माका डावा-उजवा शिकव नको."

आता आमच्या घरावरून आचऱ्याला जाणारी प्रत्येक गाडी त्यांच्या हिशेबी मालवणला जाते, आणि ती वेळेच्या आधी का गेली, याबद्दल ते रोज चिडतात. बाजारात जाणाऱ्याला "काय हाडलंस?" म्हणजे काय आणलंस असं विचारतात आणि बाजारातून येणाऱ्याला "काय हाडूक चललंस?" विचारतात. वाडीने ते मान्य केलंय. माणसं रिकामी पिशवीही वर धरून दाखवतात. पडदा रोज सकाळी बायको पुसते, कारण "रस्त्यार धूळ इली" अशी वरून तक्रार येते. डॉक्टरांनी बघून सांगितलं की आता काठी धरून ओटीवर बसायला हरकत नाही. बाबा म्हणाले, "बघूया. थंय ऊन लागता."

परवा मी मालवणहून आलो. ओटीची पायरी चढतोय तोच आतून आलं, "खंय चललंस?"

"येतंय, बाबा. मालवणासून."

"पिशयेत काय आसा?"

"टीव्हीच्या रिमोटाचे सेल."

पडद्यातून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ते कित्याक?"