काळं-लाल नेसून या

कुमासी शहराच्या बाजारात पोमामावशी मयताला नेसून जायचं कापड विकायची, काळं आणि लाल. तिकडच्या रीतीने मयताला जेवणावळ आणि नाच असायचाच; शनिवार आला की तीही कुणाच्या तरी मयताला जायची, पोटभर जेवायची आणि नाचात सगळ्यांच्या पुढे असायची. साखरेचं दुखणं जुनं होतं, पण खाण्याला लगाम म्हणून नव्हता.

हल्ली मात्र दोन पावलं नाचली की तिला धाप लागायची. लेक सेरवाने तिला ओढतच इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्यात.

"काहीतरीच! छातीत जरासुद्धा दुखत नाही माझ्या."

"साखरेने नसा बधिर झाल्यात, मावशी. हृदय बोंबलतंय, तुम्हाला ऐकू येत नाही."

"मग शेजारणीसारखी रक्तवाहिनीत जाळी बसवा नि सोडा की!"

"साखर असताना तिन्ही तुंबल्या, की बायपासचं ऑपरेशनच जास्त टिकतं. पण आधी नातलगांनी रक्तपेढीत रक्त द्यायला हवं. त्याशिवाय ऑपरेशन नाही."

मावशीने फोन लावले. कुणाला ताप, कुणाकडे पाहुणे. धाकटा भाऊ बादू परक्याच्या मयतालाही धाय मोकलून रडायचा. तो म्हणाला, "अक्का, सुई बघितली की मला भोवळ येते गं."

मावशीचं टाळकं सटकलं. मेल्यावर हे सगळे धावत येणार, आणि जिवंतपणी एकालाही सवड नाही! तिने सेरवाच्या नावाने निरोप धाडला, 'शनिवारी सकाळी पोमाकडे. काळं-लाल नेसून या.'

झाडून सगळे आले. बादू तर कोपऱ्यावरूनच हंबरडा फोडत आला. अंगणात मांडवाखाली मावशी बिनसाखरेची पेज पीत बसली होती.

"अक्का! तू... जिवंत?"

"हिरमोड झाला होय रे? बस उभी आहे, चढा. रक्त द्या, नाहीतर हेच कपडे धुऊन ठेवा. लवकरच लागतील."

आधी शिव्या, मग हशा. दोघं मागच्या मागे सटकले, बाकीचे बसमध्ये चढले. इस्पितळात दुपारपर्यंत रक्ताची एकच पिशवी कमी पडत होती आणि बादू भिंतीला चिकटून उभा होता. शेवटी स्वतःच येऊन खाटेवर आडवा झाला. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे. सुई आत गेली तरी ओरडला नाही.

"अक्का, लोकांच्या मयताला मी नाटकच करतो. आज कोपऱ्यावर मात्र खरंच रडत होतो."

मावशीच्या जिभेवर टोमणा आला होता, तो तिने गिळला. त्याचा मोकळा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"घट्ट धर, बादू," ती म्हणाली. "मलाही फार भीती वाटतेय रे."