विक्राळसेन पडायला तयार नव्हता

समजा, तुम्हाला पडायचंय. ठेच लागून नव्हे, हरून पडायचंय. समोरचा माणूस तुमच्या खांद्याइतका उंच, मनगटं भेंडीएवढी, हातात आंब्याच्या फळीची तलवार. ती तुमच्या छातीला लागणार. लागली नाही तरी लागली असं धरायचं, आणि सहा फुटांचं धूड असं मागं सोडायचं की बघणाऱ्याला वाटावं, यानंच पाडलं. आधी गुडघे सैल, मग कंबर, आणि हनुवटी छातीला चिकटलेली. डोकं आधी टेकलं तर पुढच्या वर्षी गावाला दुसरा राक्षस शोधावा लागतो. करून बघा. जमलं नाही तर खजुरीच्या हावगेप्पाला विचारा.

हावगेप्पा हा खजुरीच्या जत्रेतला विक्राळसेन. नाटक गावानंच रचलेलं, त्यामुळे त्यात काहीही चालायचं. विक्राळसेनाला अठरा शस्त्रं यायची, दया तेवढी यायची नाही. तो गर्जना कन्नडात करायचा, हुकूम दखनीत सोडायचा आणि मरायचा मराठीत. भोपळ्याचे दात, घायपाताच्या मिशा, अंगभर काजळ. एरवी तुरीच्या रानात खाली मान घालून राबणारा माणूस, पण तालमीत त्याची लाठी फिरायला लागली की समोरच्याला लाठी दिसत नसे, वारा तेवढा लागायचा.

खजुरीचा रिवाज असा की नायक मानाचा आणि राक्षस ताकदीचा. देवळातला दिवा भगवानरावांच्या घरून यायचा, म्हणून नायक त्यांच्याच घरचा. मग तो भगवानरावांसारखा पायरी चढताना धापा टाकणारा का असेना. राक्षस मात्र तालमीत सगळ्यांना लोळवील तो. गावाचा हिशेब सरळ होता. मानाच्या माणसाशी न मारता मारामारी करायची, तर ती ताकदवानालाच जमते.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती, पण त्या धामधुमीत मोडलेली रात्री जमायची सवय परत लागली नव्हती. खेळ भर दुपारी व्हायचा. राक्षसाचं काजळ घामानं वितळून पोटावर उतरायचं.

त्या वर्षी जत्रेला आळंदकडच्या एका गावाहून गुरुशांतप्पा बैलगाडी जुंपून आले, मुलगा बघायला. मुलगा म्हणजे हावगेप्पा. सोबत त्यांची मुलगी पार्वतम्मा होती. मुलगी दाखवायला नेत नाहीत, पण जत्रेला न्यायला कुणाची ना असते? हावगेप्पानं तिला एकदाच पाहिलं होतं, आळंदच्या बाजारात. तूर मोजताना अडत्याचा अंगठा तराजूवर होता. तिनं तो दोन बोटांनी उचलला आणि बाजूला ठेवला, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता. तेव्हापासून हावगेप्पाला दुसरी मुलगी सुचवायची सोय राहिली नव्हती.

शेवटची लढाई पुढ्यात असताना त्याची थोरली बहीण लिंगम्मा पडद्यामागं आली.

"हावगेप्पा, घोळ झालाय."

"कसला, अक्का?"

"गुरुशांतप्पा उठायलाय. म्हणायलाय, हरलेल्या गड्याला पोरगी द्यायची न्हाई."

"मी कवा हरलो?"

"त्यांच्या गावात राक्षसाचं सोंग दंड म्हणून देत्यात. कुस्तीत ज्याची पाठ लागंल त्यानं काजळ फासायचं. तुला बघून त्यानं तेच धरलंय."

"मग तू सांगितलं न्हाईस व्हय, आपल्यात उलटं असतंय म्हणून?"

"सांगितलं की. म्हणला, बहीण असंच म्हणणार."

हावगेप्पानं मिशी नीट केली. "अन् ती काय म्हणली?"

"ती शेंगा खायलीय."

बाहेर राघोबानं झांज वाजवली. नाटकाचं गाणं म्हणायचं काम राघोबाचं. ठरलेलं असं, की नायकानं तीन वार करायचे, तिसऱ्याला राक्षसानं पडायचं आणि राघोबानं 'विक्राळसेन पडला धरणीवर' म्हणायचं.

नायक झालेल्या भगवानरावांचा पहिला वार आला. हावगेप्पा जागेवरून हललाच नाही. लाठीच्या टोकानं तलवार हलकेच बाजूला सारली. दुसऱ्या वाराला त्यानं लाठी पाठीमागून फिरवली, मानेवरून उतरवली, गुडघ्याखालून काढली. तिसऱ्या वाराला तो तलवारीवरून उडी मारून पलीकडं उतरला.

"विक्राळसेन पडला धरणीवर," राघोबा गायला. विक्राळसेन लाठी गरगरा फिरवत उभा होता.

"हावगेप्पा, पड की आता," भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले.

"जरा दम धरा. सासरा बघायलाय."

"दमच तर ऱ्हायला न्हाई बाबा."

लोकांना आता मजा यायला लागली. मागची पोरं राक्षसाच्या नावानं शिट्ट्या मारायला लागली. राघोबानं ओळ पुन्हा म्हटली, मग जरा रागानं पुन्हा म्हटली. हावगेप्पानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. उठलेले गुरुशांतप्पा परत टेकले होते, तोंड उघडं. काम झालं होतं. आता पडायचं, एवढंच बाकी होतं.

आणि नेमके भगवानराव खाली बसले. मुकुट नाकावर, तलवार मांडीवर. नायक बसलेला आणि राक्षस उभा, असं खजुरीत कधी झालं नव्हतं. शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेत भगवानरावांची आई, सोजराबाई, हातातला पंखा हलवायची थांबली.

"हावगेप्पा," भगवानराव मुकुटाआडून म्हणाले, "आई बघायलीय."

हावगेप्पाला तेवढं पुरलं. बघणारं माणूस एकट्या त्याचंच नव्हतं. आता या बसलेल्या माणसाच्या हातून हरायचं कसं? त्यानं गर्जना केली, धावत पुढं गेला, आणि लाठीचं टोक आपल्याच घोट्यामागं अडकवलं. सगळं धूड हवेत आडवं झालं. पडता पडता त्यानं भगवानरावांच्या हातातली, मांडीवर टेकलेली तलवार काखेत घेतली, त्यांच्या मनगटाला वर झटका दिला, म्हणजे वार त्यांनीच केला असं दिसावं. पाठ धाडकन आपटली. भोपळ्याचा एक दात उडून पाटलाच्या पागोट्यात गेला. "मेलो," विक्राळसेन मराठीत म्हणाला.

"विक्राळसेन पडला धरणीवर," राघोबा देवाचे आभार मानावेत तसा गायला. सोजराबाईचा पंखा पुन्हा हलू लागला.

मेलेल्यानं डोळे उघडायचे नसतात. पडदा पडल्यावर हावगेप्पा धावत बाहेर आला, तोवर गुरुशांतप्पांची गाडी वेशीपलीकडं गेली होती. आपण जरा आधी पडलो असतो तर बरं, की पडलोच नसतो तर बरं, हे त्याला कळेना. आठवडाभर तो रानात तुरीशी बोलत होता.

मग होकार आला. सुपारी फोडताना गुरुशांतप्पा म्हणाले, "मला अजून पटलं न्हाई. पोरगी ऐकंना."

लग्न झालं, दोन पोरं झाली. हावगेप्पा दर जत्रेत तिसऱ्या वाराला मुकाट पडू लागला. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं आणि खजुरी म्हैसुराकडं गेली. पारावर सगळे एकमेकांना विचारायला लागले, आपण आता कुठले. हावगेप्पा तिथं बसायचा, मान हलवायचा, पण त्याला त्याचं फारसं नव्हतं. त्याचं एक वेगळंच अडलेलं होतं. पेरणीत विचारून झालं, आजारपणात विचारून झालं. पार्वतम्मा दर वेळी म्हणायची, "जेवा आता, भाकर निवायलीय."

त्या संध्याकाळीही पारावरून येऊन तो चुलीजवळ टेकला.

"पार्वती, एकदा सांगून टाक. तू व्हय म्हणलीस ते मी उभा होतो म्हणून, का पडलो म्हणून?"