चतुर्थीची तपासणी शिकवणाऱ्या सुलोचनाताई

सुलोचनाताई मगर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला सगळ्यांदेखत नापास केलं म्हणून. कळमनुरीला आम्हा नव्या आशा कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. ताई नर्सच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण बोलावणं असो नसो, प्रशिक्षणाला हजर असायच्या. त्या दिवशी त्यांनी जुन्या पातळाची शिवलेली, कापसाने भरलेली एक गोल उशी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "ह्याच्यात एक हरभरा हाय. डोळे मिटून हुडकून काढ." मी बारावी शिकलेली, आमच्या गावातली पहिली आशा, अंगात थोडी मिजास होतीच. बोटांच्या टोकांनी मी ती उशी खुपसखुपस खुपसली. हरभरा काही सापडेना.

ताईंनी उशी उचलली आणि लेकीबरोबर आलेल्या, दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी मधली तीन बोटं आडवी टेकवली, हळूहळू गोल फिरवली आणि म्हणाल्या, "ह्यो बघा हरभरा. आन् ह्या अंगाला सरकी बी राहिलीया एक." सरकीचं तर ताईंनाही ठाऊक नव्हतं. त्या खदखदून हसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "ह्या बाईनं जन्मभर देवासाठी वाती वळल्या. कापसातली सरकी बोटाला कशी लागती हे तिला कुण्या पुस्तकानं शिकवलं न्हाई. ह्या बोटांना आपण एवढंच सांगायचं, बायांनो, महिन्यातून एक डाव सोताच्या अंगाकडं वळा." स्तनाच्या कर्करोगाबद्दल मी आयुष्यात ऐकलेलं हे पहिलं व्याख्यान. ते दोन मिनिटांत संपलं आणि मला अजून पाठ आहे.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाबद्दल मोठी माणसं लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक साधी कार्यकर्ती. मला फार मोठं काही सांगता येणार नाही, पण जे जवळून पाहिलं ते सांगते.

ताई हे काम नोकरीचा भाग म्हणून करत नव्हत्या. नोकरीत असताना त्यांचं काम लसीकरणाचं आणि बाळंतपणाचं. ताईंकडून एकदाच ऐकलेली गोष्ट आहे. जवळा बाजारच्या बाजूला एका घरी त्या दर महिन्याला लेकरांना डोस द्यायला जात. एक दिवस त्या लेकरांची आई दवाखान्यात आली ती स्तनावरची जखम पदराने झाकूनच. फार उशीर झाला होता. ताई मला म्हणाल्या, "तिच्या तिन्ही लेकरांला मी सुया टोचल्या, रेखा. तिच्या वसरीत बसून चहा पिले. लेकरू कसं हाय हे दर बारीला इचारलं. तू कशी हायस, हे एकदा बी इचारलं न्हाई." एवढं बोलून त्या उठल्या आणि उगाचच भांडी विसळू लागल्या. त्या बाई गेल्यानंतरच ताईंनी ती पहिली उशी शिवली होती.

त्यांचं शिकवणं फार साधं असे. हळदीच्या हंगामात वसमतकडे बाया हळद निवडायला ओळीने बसतात. ताई त्यांच्यात जाऊन बसत, हळद निवडता निवडता विषय काढत. आधी आरशापुढे उभं राहून बघा, दोन्ही हात वर करून बघा, कुठे कातडी आत ओढली गेलीय का, खळी पडलीय का, बोंड आत वळलंय का, त्यातून रक्त किंवा पाणी येतंय का. मग तीन बोटांनी चाचपा, वर गळ्याखालच्या हासळीच्या हाडापासून बाजूला काखेपर्यंत, एकही जागा सोडू नका. बाया तोंडाला पदर लावून हसत. 'स्तन' हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघत नसे; सगळं 'अंगावर', 'वरच्या बाजूला' असं चाललेलं. ताई ठणकावून विचारत, "लेकराला पाजताना लाजलो न्हाई, मग नाव घ्यायला काहून लाजायचं?" मग सगळ्यांकडून तो शब्द मोठ्याने वदवून घेत. बांधावरून जाणारे गडी दचकून बघत. ताईंना त्याची फिकीर नसे.

त्यांनी कुणाला कधी घाबरवलं नाही. पुष्कळशा गाठी साध्या असतात, हे त्या आवर्जून सांगत. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या स्वतःलाही देत नसत. एकदा एका बाईंनी हात धरून विचारलं, "बाई, तुमाला काय वाटतं?" ताई म्हणाल्या, "मला काय वाटतं त्याला काडीची किंमत न्हाई. डाक्टरला दाव, मशीनला दाव." आणि आपला हात स्वतःवर फिरवला म्हणजे डॉक्टरकडून तपासून घ्यायची गरज संपली असं समजू नका, हेही त्या प्रत्येक बैठकीत बजावत.

ताईंचा स्वभाव गोड आहे असं मी लिहिलं तर त्याच मला फोन करून झापतील. त्या तापट आहेत. उशिरा आलेल्या कार्यकर्तीला त्या बसा म्हणत नाहीत. पण ज्या बाईला रागावल्या, तिच्याच घरी संध्याकाळी भाकरी मागून खातात. रुसवा ठेवायला त्यांना सवडच नाही.

त्यांची सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे चतुर्थी. पाळी येणाऱ्या बायांना त्या सांगत, पाळी गेल्यावर चार-पाच दिवसांनी तपासा. पण पाळी बंद झालेल्या बायांनी दिवस कसा लक्षात ठेवायचा? तारखा त्यांच्या डोक्यात राहत नाहीत, संकष्टी मात्र कुणी विसरत नाही. "चतुर्थीला डोक्यावरून न्हायलात की तपासा," असं ताईंनी गावोगाव सांगितलं. वसमतच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या बायांना त्या म्हणत, "चांद दिखा के दुसरे दिन." युक्ती अशी काही रुजली की कुठे कुठे बाया एकमेकींना 'चतुर्थी केली का' असं विचारू लागल्या. आम्ही सगळ्याजणी खूश होतो. त्या खुशीत काय चुकत होतं ते मला माझ्याच घरात कळलं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेरडं-मेंढरं राखणाऱ्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. मी गावात घरोघर जाऊन बायांना सांगत होते, पण आत्याबाईंपुढे मात्र माझी जीभ रेटेना. सुनेनं सासूला असलं कसं सांगायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांनी ताईंच्या देवळातल्या बैठकीत मागे बसून सगळं ऐकलं होतं, हे मला ठाऊकही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ताई आमच्याकडे आल्या होत्या. मी चहा केला. आत्याबाईंनी कप बाजूला सारला. "माझा मंगळवार हाय. निरंकार. पाणी बी न्हाई."

मी तो कप उचलून घेतला. ताईंनी मात्र आपला कप खाली ठेवला. "मावशी, तुमी मंगळवार कवापासून धरला?"

"झाले तीन महिने."

"काहून?"

ताई उठल्या, त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं. मी बाहेर उभी. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "तुमीच सांगितलं ना चतुर्थीला बघा म्हणून. बघितलं तर गाठ लागली. म्हणलं, गणपतीनंच दावली, त्योच नेईल. म्हून मंगळवार बी धरला."

तीन चतुर्थ्या. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, त्या माउलीने गाठ बराबर शोधली होती आणि उपास करत बसली होती. मला स्वतःचीच इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आत्याबाई मागून येत म्हणाल्या, "दुखत तर न्हाई. काई तकलीफ न्हाई. काहून जायचं दवाखान्यात? आन् शेरडं कोन बघंल?"

"दुखत न्हाई म्हणूनच जायचं, मावशी," ताई म्हणाल्या. "शेरडं तुमचा ल्योक बघंल. उपास सोडू नका. उपास बी करा आन् नांदेडला बी चला. देव काई दवाखान्यात यायला न्हाई म्हणत न्हाई."

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तिथं बाई डाक्टर हाय का?"

"नसंल तर मी हाय संगं. पदर मी धरीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी नांदेडला गेलो. सुईने तपासणी झाली, मशीनवर स्तनाचे फोटो निघाले. गाठ कर्करोगाचीच होती, पण लहान होती, काखेत पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. केस गेले तेव्हा आत्याबाई आरशासमोर जायच्या बंद झाल्या, ताईंनी आपल्या हाताने त्यांच्या डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाल्या, "मेंढराची बी लोकर काढतातच की, पुना येती." त्या आजारपणात मी आत्याबाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा. आज त्या शेरडांमागे माझ्यापेक्षा भरभर चालतात.

मला ताईंचं सगळ्यात मोठं मोठेपण दिसलं ते मात्र त्यानंतर. आम्ही नांदेडला पहिल्यांदा गेलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी बैठक होती. बाया जमल्या. ताईंनी उशी काढलीच नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, माझी चूक झाली. मी तुमाला चतुर्थी सांगितली आन् तुमी तिचं व्रत केलं. त्यात तुमचा दोष न्हाई. चतुर्थी निस्ती आठवण हाय. गाठ हुडकायला मी शिकवलं, हुडकल्यावर काय करायचं ते तेवढ्या जोरानं शिकवलं न्हाई." चाळीस वर्षं ज्यांचा शब्द गावांनी झेलला, त्यांनी भर बाजारात चूक कबूल करायची काही गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची प्रत्येक बैठक सगळ्या बायांनी एका आवाजात म्हटलेल्या एका वाक्याने संपते: "हाताला लागलं, की दुसऱ्या दिवशी दवाखाना." आमच्या भागात आता हे वाक्य लहान पोरींनाही येतं. ताईंमुळे किती बाया वेळेवर दवाखान्यात पोचल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मला एक ठाऊक आहे आणि ती माझ्या घरात आहे.

हा लेख इथवर लिहून झाला तेव्हा मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण कुणी खोटं लिहिलं तर बराबर कळतं. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मला वाटलं, बरा झालाय म्हणतील. त्या म्हणाल्या, "समद्या जिल्ह्याच्या बायांला इचारती ती. तिला कोन इचारतं गं?"

मी तशीच उठले आणि ताईंना फोन लावला. "ताई, रागावू नका. तुम्ही स्वतःचं तपासता ना दर महिन्याला?"

ताई हळूच म्हणाल्या, "न्हाई गं. दोन-अडीच वरसं झाली असतील. दुसऱ्यांच्या घरी फिरून राहिले, सोताच्या घरी कवा बसते मी?"

मी रागावले. होय, सुलोचनाताईंना मी रागावले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई आणि मी वसमतला त्यांच्या घरी गेलो आणि तिघी मिळून नांदेडला गेलो. आत डॉक्टर तपासत होत्या आणि आत्याबाई ताईंचा पदर धरून शेजारी उभ्या होत्या. फोटोही काढून घेतला. निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. निकाल स्वच्छ आला.

ताई, तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभावं अशी प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील. मीही करते, अगदी मनापासून. पण नुसती प्रार्थना करून गप्प बसायचं नसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. म्हणून येत्या चतुर्थीला सकाळी माझा फोन येईल, त्याच्या पुढच्या चतुर्थीलाही येईल, आणि मी थकले तर माझी लेक करील. तेवढा उचलत जा.