डोळ्यावरचा ठिपका

आमच्या घराण्यात माणूस गेल्यावरच त्याचा फोटो शोधतात. मग कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून त्याला कापून काढतात आणि शेजाऱ्याच्या खांद्यासकट हार घालतात. बाबूकाकांना हे मंजूर नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी मला कॅमेऱ्यासह हजर होण्याचं फर्मान धाडलं.

"नीट काढ रे. भिंतीवर बसून सगळ्यांवर डोळे वटारायचेत मला!"

"अहो, शुभ बोला जरा," काकू कडाडली.

कॅमेरा मोठा लबाड. त्याच्यावर सोडलं की तो सर्वांत जवळचं असेल तेच पकडतो. पहिल्या फोटोत काकांच्या नाकातली नळी झकास आली आणि काका धूसर. आपली नजरही तशीच. माणसाच्या पुढ्यात असतं त्याचं हसणं. आपण तिथंच थांबतो.

मी फोकसचा ठिपका त्यांच्या डोळ्यावर नेला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग पडद्यावर फोटो मोठा केला. पापणीन् पापणी स्वच्छ. ओठ हसत होते. डोळे मात्र भेदरलेले होते, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखे.

काकू शेजारी येऊन तो फोटो पाहत राहिली.

"आला का चांगला?" काकांनी विचारलं.

"छे. हलला," काकू म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"हो, हलला," मी म्हणालो. ठिपका त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर उतरवला. "हं काका, आता हसा."