उलटा पंख

कोस्टारिकातल्या पुंतारेनास बंदराच्या धक्क्यावर साडूचं, म्हणजे विल्फ्रिदोचं, नाव निघालं की एलिएसरच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि नाव तर रोज निघे. कायदा असा, की मुशी, म्हणजे शार्क, आणायची ती पंखांसकट. पंख धडापासून सुटा दिसला की परवाना गेला. पण ताठ पंखांच्या मुश्या बर्फात रचायच्या कशा? म्हणून पंखाच्या मुळाशी अर्धवट छेद द्यायचा आणि तो अंगालगत दुमडायचा. विल्फ्रिदोची घडी अशी देखणी, की तपासनीस यामिलेथबाई चार जणांना बोलावून दाखवत.

"दाजींचा हात बघा," सोराइदा नवऱ्याला वाढताना म्हणे, "जशी काही लग्नातली चादर दुमडलीय."

"मग त्यांनाच वाढ की!"

"त्यांना वाढायला ताई आहे."

त्यात एका खेपेला एलिएसरच्या गळाला भलीथोरली मुशी लागली. विल्फ्रिदोने जन्मात धरली नसेल एवढी! हिची घडी साडूपेक्षा चपटी घालायची म्हणून त्याने सुरी जास्तच दाबली, आणि पाठीवरचा पंख हातातच आला.

दुसऱ्या कोणी ती मुशी गुपचूप समुद्राला परत केली असती. पण मग एवढी मोठी धरली हे साडूला कळणार कसं? एलिएसरने जाळं विणायची सुई काढली आणि पंख शिवायला बसला. टाके सुबक पडत होते. नेमकी शेजारून विल्फ्रिदोची भरलेली होडी गेली. डोळे तिकडे, हात इकडे.

धक्क्यावर त्याने ती मुशी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवली. यामिलेथबाई वाकल्या.

"एलिएसर, ही पोहायची कशी रे?"

"म्हणजे? सगळ्या पोहतात तशी."

"पंखाचं टोक शेपटीकडे असतं. हिचं डोक्याकडे आहे."

"मालकासारखीच असेल बाई," गर्दीतून कोणी ओरडलं, "तोंड पुढे, लक्ष साडूकडे!"

माल जप्त झाला, होडी धक्क्यालाच अडकवून ठेवली गेली. हंगामानंतर सगळ्यांसमोर नीट घडी घालून दाखवली तरच परवाना परत मिळणार होता. सोराइदाने नवऱ्याला न विचारता ताईशी बोलणं केलं आणि एलिएसर विल्फ्रिदोच्याच होडीवर खलाशी म्हणून चढला.

"ये, साडूभाऊ! सुईदोरा घरी ठेवलास ना?"

एलिएसरने तेही गिळलं आणि नजर साडूच्या हातावर ठेवली. तेव्हा कळलं, की विल्फ्रिदो सुरी दाबतच नाही. डाव्या अंगठ्याने पंख उचलून धरतो आणि आत सुरीला कूर्चेची करकर लागली की थांबतो.

एका दुपारी एलिएसरने तसंच केलं. पंख अंगाला असा चिकटून बसला, की मुशी जन्मतःच बिनपंखाची वाटावी. विल्फ्रिदोने त्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग उगाचच सुकाणूवाल्यावर खेकसला.

जेवायच्या वेळी त्याने ताट बाजूला सारलं. "भूक नाही आज."

"होतं असं," एलिएसर म्हणाला, आणि साडूच्या वाटणीचा भात-घेवडाही त्याने पुढ्यात ओढला.